उजवी कळी

आमच्या वाघजाईला छप्पर चालत नसे. हे मी आज भुकूमला, सुनेच्या भिशीतल्या बायकांना सांगते तेव्हा त्या हसतात आणि एखादी विचारते, मग काय देवी पावसात भिजायची का हो आजी? भिजायचीच. मुळशीचा पाऊस, चार महिने, आणि ती उघड्यावर. पूर्वी कुणा हौशी माणसानं वर मांडव घातला होता, तो पहिल्याच वावटळीत उडून खालच्या खाचरात पडला. तेव्हापासून त्या भानगडीत कुणी पडलं नाही. देवी म्हणजे तरी काय, गुडघ्याएवढा शेंदूर फासलेला दगड. पण तिच्या भोवतीची राई बघायला हवी होती तुम्ही. भर दुपारी आत शिरलं की डोळ्यांना काही दिसेनासं व्हायचं, मग हळूहळू एकेक खोड पुढं यायचं. हिरडा, जांभूळ, अंजनी, आणि या सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून गेलेली गारंबीची वेल, माझ्या मांडीएवढी जाड, तिला हातभर लांब शेंगा. मधोमध झरा. वैशाखात सगळ्या गावाच्या विहिरी तळाला जायच्या, हा मात्र वाहायचाच. राईतलं पान बाहेर न्यायचं नाही. वाळकी फांदी पडली तर पडली, तिथंच कुजायची. वहाणा कडेच्या जांभळीखाली काढायच्या. फक्त सुईणीला मुळी काढायची मुभा होती, तीही देवीला सांगून आणि लागेल तेवढीच.

आमचं घर गुरवाचं, म्हणजे देवीची पूजाअर्चा आमच्याकडे. आबा, माझे वडील, रोज उजाडता राईत जायचे. मी बरोबर असायची, कारण मला भाऊ नव्हता आणि मला घरी बसवत नसे. ते दगडाला पाणी घालायचे, दोन फुलं ठेवायचे, आणि मग दगडाकडे चक्क पाठ करून झाडांना हात जोडायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की आबा, देवी तर तुमच्या मागं हाय. ते म्हणाले, त्यो उंबरा हाय, बाय. उंबऱ्याच्या पाया पडलो, आता घरात बघतो. मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. घरी आलं की चुलीवर नाचणीची भाकरी फुगत असायची, तव्याच्या कडेला लसणीचा ठेचा, आणि आई, तिचं नाव पारू, कपाळाला आठी घालून बसलेली. आठी रागाची नव्हे, धुराची. पण आम्हाला ती रागाचीच वाटायची आणि तिनंही आमचा गैरसमज कधी दूर केला नाही. तिच्या धाकात घर नीट चालायचं.

मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी आषाढात सखू गेली. सखू पाटलाची सून, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन आली तेव्हा अजून बिट्ट्या खेळायची, आणि सासूचा डोळा चुकवून आमच्या पडवीत येऊन माझ्या वेण्या घालायची. इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. मूल आडवं आलं. जनाकाकूनं, म्हणजे पाटलाच्या विधवा चुलतीनं, गावची सगळी बाळंतपणं करणाऱ्या बाईनं, रात्रंदिवस झटून हात टेकले आणि पौडला न्या म्हणाली. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चौघांनी खांदा दिला. रस्ता असा नव्हताच आम्हाला, पायवाट होती आणि मध्ये ओढा. ओढ्याला पूर. पाणी उतरायची वाट बघत ते अलीकडच्या काठावर पावसात उभे राहिले, आणि सखू तिथंच, घोंगडीत, जनाकाकूचा हात धरून गेली. परत आणली तेव्हा मी दारातून बघितलं. तिचे केस मोकळे होते. मला उगाच वाटत राहिलं की मी वेणी घालून द्यायला हवी होती.

पाटील वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणाचाही तसा समज होईल. सखूनंतर तो माणूस बोलायचाच बंद झाला. आणि बोलायला लागला तेव्हा त्याच्या तोंडी एकच शब्द होता, रस्ता. दिवाळीनंतर एक मुकादम आला. कोळशाच्या भट्ट्या लावणारा. आसपासचे डोंगर हेरत फिरत होता, डोक्यावर टोपी, पायात बूट. राईच्या कडेला उभा राहून त्यानं वर बघितलं, आणि त्याच्या तोंडाला सुटलेलं पाणी मला दिसलं. तो पाटलाला म्हणाला, राई द्या, माझे ट्रक यायला रस्ता मी करतो, ओढ्यावर फरशीचा पूल टाकतो, रस्ता गावाला कायमचा. देवीचा दगड आणि त्याच्या भोवतीची पाच झाडं सोडतो, वर पक्कं देऊळ बांधून देतो, पत्र्याचं छप्पर. पाटलानं त्याला घरी जेवू घातलं.

मग पंधरा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पाटलाच्या ओट्यावर माणसं जमायची, आम्ही पोरी भिंतीआड. पाटलाचं म्हणणं सरळ होतं. देवी कुठं जातीय का? दगड हाय तितंच ऱ्हाणार, उलट डोईवर छप्पर येईल. झाडं काय, पुन्ना येत्यात. सखू येती का? आबा मान खाली घालून बसायचे. ते बोलण्यात कच्चे, आणि त्यांनाही सखूचं दुःख होतंच. एकदाच ते बोलले, आणि मला तो त्यांचा आवाज आठवतो, फाटलेला. म्हणाले, "पाटील, दगड म्हंजे देवी न्हवं. दगड तिचा उंबरा हाय. तुमी उंबरा ठिवून घर मोडाया निगालाय."

पाटील म्हणाला, "गुरव, तुमच्या घरातनं डोली निगाली न्हाई अजून."

आबा उठून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. शेवटी ठरलं की देवीलाच विचारायचं, कौल लावायचा. ती देईल तो निकाल, आणि पाटील नि गुरव दोघांनी तो मानायचा. कौल कसा असतो ते सांगते. दगडाला झऱ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि ओल्या दगडावर देवीच्या दोन्ही खांद्यांच्या जागी तगरीची एकेक कळी चिकटवायची. गुरवानं प्रश्न विचारायचा आणि बसायचं. देवीची उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि त्यात आमच्या गावची एक खास रीत अशी, की कौलाचं पाणी आणि कळ्या न्हाण न आलेल्या पोरीनंच आणायच्या. ती पोर मी होते. तीन वर्षं मी हे काम करत होते. कुणाची म्हैस हरवली, कुणाची सोयरीक जमवायची, असल्या कौलांचं पाणी मी आणलं होतं आणि मनातून मला त्याची घमेंड होती.

कौलाच्या दिवसापर्यंतचे ते चार-पाच दिवस मला नको नको झाले. मला राई तोडायला नको होती. पण सखूचे मोकळे केस डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि ओढ्यावर फरशी असती तर ती आज माझ्या वेण्या ओढत असती, हेही मला कळत होतं. मी आईला विचारलं, काय होईल गं? ती म्हणाली, तुज्या हातात पानी, देवीच्या हातात कळी, गप ऱ्हा. मग तिनं वरीचा भात आणि हुलग्याचं माडगं वाढलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता जेवलो. आबांना मी सकाळी राईत एकेका खोडाला हात लावताना बघत होते. कुणी गावाला जाताना घरच्या माणसांना हात लावतं, तसं.

कौलाच्या सकाळी सगळी पुरुषमंडळी राईत. बायका जांभळीपर्यंत, त्यात जनाकाकू सगळ्यांच्या पुढं. मुकादम बूट काढून आला होता, पण पायमोजे तसेच होते. मी झऱ्यातून तांब्या भरून आणला, आबांच्या हातात दिला. कळ्या दिल्या. आबांनी त्या चिकटवल्या. डावी कळी एकदा सुटली, ती त्यांनी पुन्हा नीट दाबून बसवली. मी ते बघितलं. त्यांना डावी पडायला हवी होती, आणि तीच त्यांनी घट्ट बसवली. असला माणूस होता तो. मग त्यांनी विचारलं, आई, लेकरांच्या रस्त्यापायी राई द्यायची का, आणि ते मांडी घालून बसले. वर शेकरू एकदा ओरडलं, मग थांबलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. आणि मग उजवी कळी घसरली, जराशी अडली आणि खाली पडली.

मुकादमानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. पाटील रडायला लागला. आबांनी डोळे मिटले आणि बोलायला तोंड उघडलं. गुरवानं एकदा "दिला" म्हटलं की दिला, मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही. मला आजही माहीत नाही की मी ते कधी ठरवलं. मला वाटतं मी ठरवलंच नाही, तोंडातून आलं.

"आबा, मी बाहेरची हाय."

पन्नास-साठ पुरुष होते तिथं. तेरा वर्षांची पोर हे आईच्या कानातसुद्धा धड सांगत नाही, आणि मी ते गावाच्या चावडीत सांगावं तसं सांगितलं. आणि ते खोटं होतं. मला कसलं काही झालेलं नव्हतं. माझे कान असे तापले की वाटलं आता फुटतील. कुणीतरी शिवी दिली. पाटलानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, ती नजर मी अजून विसरले नाही. त्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं, का गं? आबांनी उघडलेलं तोंड मिटलं. दगडाकडे बघत ते सपाट आवाजात म्हणाले की पाणी बाटलं, कौल बाटला. आता जत्रेला देवीचं शुद्ध न्हाणं होईस्तोवर तिला काही विचारायचं नाही. रीत होती तशी. ती सगळ्यांनाच माहीत होती, मुकादम सोडून. तो पायमोज्यांनी पाला तुडवत विचारत सुटला की म्हणजे काय, म्हणजे काय.

आईनं मला जांभळीपाशी दंडाला धरलं आणि घरापर्यंत ओढत नेलं. माझे कपडे तीच धुवायची, तिला सगळं ठाऊक होतं. मला वाटलं आता पाठ फोडणार. तिनं मला गोठ्याशेजारच्या पडवीत घोंगडीवर बसवलं, शिवू नकोस कशाला, असं मोठ्यानं, चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि आत गेली. थोड्या वेळानं विळीचा आवाज आला. मग आवाज थांबला. ती बाहेर आली तेव्हा डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, आणि दुसरी एक चिंधी, घडी घातलेली, तिनं माझ्याकडे फेकली. म्हणाली, जनाकाकू यील. पाटील धाडल्याबिगर ऱ्हायचा न्हाई.

आणि जनाकाकू आलीच, सांज व्हायच्या आत. त्या बाईच्या हातात गावची निम्मी माणसं जन्मली होती. रक्त कुठलं आणि कुठून आलं हे तिला कोण शिकवणार? ती माझ्यासमोर उकिडवी बसली, चिंधी मागितली, उलटसुलट करून बघितली. मला ओढ्याकाठच्या त्या दोघी दिसत होत्या, ही आणि सखू, पावसात. हिनं नुसतं नाही म्हटलं की संपलं. कौल खरा ठरेल आणि पाटील उद्याच आबांकडून "दिला" म्हणवून घेईल. जनाकाकूनं चिंधी खाली ठेवली, माझ्या आईच्या अंगठ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "पारू, लई खोल गेलंय गं. हळद भर त्यात."

जनाकाकू गुडघ्यांवर हात देऊन उठली. दाराशी थांबून, आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "माजी समदी दवा त्या राईत हाय. सखूला पुरली न्हाई, पर बाकीच्यांस्नी पुरली." आणि अंगणातून बाहेर पडता पडताच तिनं खणखणीत आवाजात सांगितलं की पोर शहाणी झाली, न्हाण आलं, ओटी भरायची तयारी करा.

झालं! चौथ्या दिवशी मला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, पाटावर बसवलं आणि गावच्या बायकांनी माझी ओटी भरली. तोंडात गूळखोबरं कोंबलं. गाणी म्हटली. एका खोट्याचं एवढं मोठं सणासारखं झालेलं मी आधीही बघितलं नव्हतं, नंतरही नाही. आणि शहाणी झालेल्या पोरीला दोन कोसांवरच्या शाळेत कोण धाडतंय? शाळा सुटली. पुढं शिकले ते लग्नानंतर, नवरा मास्तर मिळाला म्हणून. तेव्हा राईसाठी काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सांगते, सातवीची परीक्षा.

मुकादम जत्रेपर्यंत थांबणारा नव्हता, त्याचा हंगाम निघून जात होता. धरणाच्या पाण्यापलीकडच्या डोंगरावरच्या गावानं त्याला रान दिलं. पौषापासून तिकडे धूर दिसायला लागला, सकाळी पाण्यावर पसरायचा आणि वारा फिरला की आमच्या भाकरीला वास यायचा. तो डोंगर अजूनही बोडका आहे. पण सगळा हिशेब माझ्या बाजूचा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गावाला रस्ता आला तोवर मला दोन मुलं झाली होती, आणि तोवरच्या पावसाळ्यांत डोली आणखी निघाली. एकदा निघाली ती रिकामी परत आली, बाईला तिकडंच अग्नी दिला होता. त्या बाईचं नाव मी इथं लिहीत नाही, पण मला ते रोज आठवतं, देवापुढं दिवा लावताना तर हमखास. पाटील मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलला. लग्नात त्यानंच अंतरपाट धरला. त्यानं मला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. आता वाघजाईला पक्कं देऊळ आहे. वर स्लॅब, खाली फरशी, आत पंखा. माझ्या चुलतभावांच्या पोरांनी हौसेनं बांधलं. मागं राई आहे, पूर्वीपेक्षा कमी, कडेची जांभूळ एका बंगल्याच्या कुंपणात गेली. मी गेले की पोरं म्हणतात, आत्या, देवळात या, गार आहे. मी बाहेरच बसते.

त्या चैत्रातलं तेवढं सांगायचं राहिलं. जत्रेच्या आदल्या दिवशी आबा दगडावरचा जुना शेंदूर खरवडत होते आणि मी झऱ्याचं पाणी आणत होते. कौलाचं पाणी आता माझ्याकडे नव्हतं, पण रोजच्या पाण्याला हरकत नव्हती. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गार. दुसरी की तिसरी खेप असेल. पोटात बारीक कळ आली, मग पाय ओले झाले, आणि मी खाली बघितलं. मी जागच्या जागी उभी राहिले. तांब्या हातात तसाच. मला वाटलं, देवी आली. एवढे महिने थांबली आणि आज आली. तिच्याच घरात, तिच्यासमोर उभी करून आता ती मला जाब विचारणार. मी तिच्या वाघाची वाट बघत होते, खरंच बघत होते, गारंबीच्या मागच्या अंधारात. आबांनी मान वर केली आणि काय गं म्हणून विचारलं.

मी म्हणाले, "आबा, आज खरंच."

त्यांचा खरवडता हात थांबला. मग ते पुन्हा खरवडायला लागले. म्हणाले, "त्या दिशी खोटं हुतं, ठावं हाय मला."

मी तांब्या खाली ठेवला आणि रडायलाच लागले. रडता रडता इतके महिने मनात दाबलेलं विचारलं, की मग तिनं उजवी कळी का पाडली? तिलाच तुटायचं होतं का? आबा फार विचार करून बोलले नाहीत. मला वाटतं त्यांचा तो विचार आधीच करून झाला होता.

"तिला मागितलं का ती देती, बाय. झाडानं कदी कुणाला न्हाई म्हनलंय व्हय? न्हाई म्हनायचं ते आपुन."

मी निघाले. वहाणांकडे, जांभळीकडे, रीत होती तसं, लवकर बाहेर. चार पावलं गेले असेन, त्यांनी हाक मारली. कौल बाटल्यावर चार दिवस माझ्या नावानं गोमूत्र शिंपडत राईभर फिरलेला तो माणूस, गावचा गुरव, शेंदरानं माखलेल्या हातांनी भोवतालचा कुजका पाला, मोडून पडलेलं खोड, कालच बिबट्यानं टाकलेली सशाची हाडं, असं सगळं दाखवत म्हणाला, "हितं मारत्यात, हितं वित्यात, हितंच समदं कुजतंय. हिला कसला गं इटाळ?"

मग त्यांनी तांब्या उचलून माझ्या हातात दिला आणि दगडापासून बाजूला सरकले.

"घाल पानी."

मी घातलं.